परलोकाची आशा नसलेला कर्तव्यनिष्ठ

देवाचा धाक आणि परलोकाची आशा नसेल, तर माणूस नीतीने का वागेल? हा प्रश्न आपल्या मुलांनाही पडतो. गोपाळ गणेश आगरकरांनी त्याचे उत्तर आपल्या जगण्यातून दिले.

त्यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी, गरीब घरात झाला. एम.ए. होताना मोठ्या पगाराची नोकरी समोर दिसत होती. पण पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकहितात घालवणार, असे त्यांनी आईला पत्राने कळवले. ‘केसरी’चे ते पहिले संपादक. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले. नीतीचा आधार परलोक नसून माणसांचे सुखदुःख आहे, असे ते मानीत. म्हणूनच बालविवाह आणि विधवांचे केशवपन त्यांना असह्य होई. चिडलेल्या लोकांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने शरीर पोखरले, तरी लिहिणे आणि शिकवणे सुटले नाही. १७ जून १८९५ रोजी, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतानाच ते गेले.

पुण्य पदरी पडेल ही आशा नसतानाही त्यांचे कर्तव्य ढळले नाही. देवापुढे हात जोडणाऱ्या आपण सर्वांनी त्यांच्याकडून एवढे तरी घ्यावे.