गाव्रिल इलिझारोव्ह

गाव्रिल अब्रामोविच इलिझारोव्ह (१५ जून, १९२१:बियालोविएझा, पोलंड - २४ जुलै, १९९२:कुर्गान, रशिया) हे सोव्हिएत अस्थिशल्यचिकित्सक होते. मोडलेली हाडे शरीराबाहेरील कड्यांच्या आधाराने स्थिर ठेवणारे यंत्र त्यांनी तयार केले. नडगीच्या न जुळणाऱ्या अस्थिभंगांवरील उपचारांत त्यामुळे मोठा बदल घडला.

बालपण आणि शिक्षण

इलिझारोव्ह यांचा जन्म गरीब ज्यू कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले होते. त्यांचे बालपण अझरबैजानमधील कुसार येथे गेले. शाळेत ते उशिरा दाखल झाले, तरी १९४४ साली क्रिमियातील वैद्यकीय संस्थेतून पदवीधर झाले. त्यानंतर सायबेरियातील कुर्गान प्रांतात, दोल्गोव्का या खेड्यात त्यांची नेमणूक झाली. तेथे ते सर्व प्रकारच्या रुग्णांवर उपचार करीत. युद्धात जायबंदी झालेले, हाडे न जुळलेले अनेक लोक त्या काळी उपचारांविना होते.

इलिझारोव्ह यंत्र

नडगीच्या हाडाचा पुढचा भाग त्वचेलगत असतो व त्याच्या खालच्या भागास रक्तपुरवठा कमी असतो. त्यामुळे तेथे उघड्या जखमा, जंतुसंसर्ग व हाड न जुळणे हे धोके अधिक असतात. धातूची पट्टी स्क्रूने बसविल्यास हाडाचे तुकडे अचूक जुळविता येतात. परंतु त्यासाठी भोवतालच्या ऊती उघडाव्या लागतात. हाडाच्या पोकळीत सळई घातल्यास रुग्ण लवकर चालू लागतो. मात्र जंतुसंसर्ग असल्यास तो पोकळीत पसरण्याची भीती असते. इलिझारोव्ह यांनी १९५१ च्या सुमारास निराळा मार्ग काढला. हाडातून बारीक तारा आरपार घालून त्या ताणलेल्या स्थितीत बाहेरील कड्यांना जोडावयाच्या व कडी आटेदार दांड्यांनी एकमेकांना बांधावयाची, अशी ही रचना होती. तिच्यामुळे मोडलेली जागा न उघडता हाड स्थिर राही आणि रुग्णाला पायावर भार देता येई.

हाडाची टोके हळूहळू दूर सारल्यास मधल्या जागेत नवे हाड तयार होते, हेही त्यांच्या ध्यानात आले. एका रुग्णाने दांड्यांवरील नट उलट्या दिशेने फिरविल्यामुळे हा शोध लागला, असे सांगितले जाते. दिवसाला १ मिलिमीटर, तेही चार टप्प्यांत, हे प्रमाण त्यांनी प्रयोगांती निश्चित केले. आखूड पाय लांब करणे व हाडातील पोकळ जागा भरून काढणे त्यामुळे शक्य झाले.

उपेक्षा आणि मान्यता

मॉस्कोतील तज्ज्ञांनी या पद्धतीकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. उंच उडीतील ऑलिंपिक विजेते व्हालेरी ब्रुमेल यांचा पाय १९६५ मधील मोटारसायकल अपघातात मोडला होता. अनेक शस्त्रक्रिया निष्फळ ठरल्यावर १९६८ साली ते कुर्गानला आले आणि उपचारांनंतर पुन्हा उड्या मारू लागले. त्यामुळे इलिझारोव्ह यांचे नाव देशभर झाले. १९७१ साली कुर्गान येथे त्यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली. १९८० साली इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी यांच्या नडगीवर त्यांनी यशस्वी उपचार केले. पुढील वर्षी त्यांना इटलीत व्याख्यानांसाठी निमंत्रण मिळाले व ही पद्धत पश्चिम युरोपात पोहोचली.

पद्धतीचे आजचे स्थान

हे यंत्र अनेक महिने पायावर बाळगावे लागते आणि तारांच्या जागी जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणून नडगीच्या साध्या, बंद अस्थिभंगात आज प्रायः सळईला पसंती दिली जाते, तर सांध्याजवळील अस्थिभंगात पट्टी उपयोगी पडते. जंतुसंसर्ग झालेल्या, हाडाचा तुकडा गमावलेल्या किंवा न जुळलेल्या नडगीसाठी मात्र इलिझारोव्ह यांची पद्धत आजही महत्त्वाची आहे. पूर्वी अशा अनेक रुग्णांना पाय गमवावा लागत असे.