वि. स. खांडेकर : पुराणकथेतील स्त्रीचा स्वर आणि त्याची मर्यादा

गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य कथावाङ्मयात ग्रीक पुराणकथांचे स्त्रीच्या दृष्टीतून पुनर्कथन करण्याची परंपरा ठळक झाली आहे. ख्रिस्टा वुल्फ यांनी १९८३ मध्ये कासांड्रेला आणि १९९६ मध्ये मेडियाला बोलते केले. मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी २००५ मध्ये पेनेलोपीकडून तिची हकिगत वदविली, तर पॅट बार्कर यांनी २०१८ मध्ये ट्रॉयच्या युद्धातील बंदिनी ब्रिसेइस हिला निवेदिका केले. जिच्याविषयी इतरच बोलत आले, तिने स्वतः बोलावे, हे या सर्व लेखनाचे समान सूत्र होय. मराठीत हा प्रश्न याहून पूर्वी, १९५९ साली, कोल्हापुरात वास्तव्य करणाऱ्या एका कादंबरीकाराने हाताळला होता. 'ययाति'कार विष्णु सखाराम खांडेकर यांच्या जीवनक्रमाकडे या अंगाने पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खांडेकरांचा जन्म १८९८ मध्ये सांगली येथे झाला. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम. पुढे सावंतवाडी भागातील सखाराम खांडेकर यांना ते दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. पितृछत्र लवकर हरपलेल्या या बुद्धिमान विद्यार्थ्याने १९१३ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण करून पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. परंतु पदवीपर्यंतचे शिक्षण त्यांना पुरे करता आले नाही. १९२० मध्ये ते कोकणातील शिरोडे येथील ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले आणि तेथे त्यांनी अठरा वर्षे काढली. समुद्रकाठच्या या लहानशा गावात त्यांनी दारिद्र्य, रूढी आणि माणसांची सोशिकता जवळून पाहिली. त्यांच्या ध्येयवादाची आणि त्यातील करुणेची मुळे शिरोड्याच्या या वास्तव्यात शोधावी लागतात.

'हृदयाची हाक' ही त्यांची पहिली कादंबरी १९३० ची. त्यानंतरच्या काही कादंबऱ्यांची केवळ नावे पाहिली तरी एक गोष्ट ध्यानात येते. 'कांचनमृग' (१९३१) आणि 'क्रौंचवध' (१९४२) या शीर्षकांतील प्रतिमा रामायणातील आहेत; कथानके मात्र समकालीन आहेत. म्हणजे पुराणकथा ही प्रथमपासूनच त्यांच्या लेखनात प्रतीकरूपाने वावरत होती. विसाव्या शतकातील स्त्री-पुरुषांची दुःखे ते तिच्या उजेडात पाहत होते. 'ययाति'मध्ये ही दिशा उलटली. तेथे कथानकच महाभारतातील घेतले गेले आणि त्यात आधुनिक माणसाचे मन ओतले गेले.

१९३८ मध्ये खांडेकर कोल्हापुरास स्थायिक झाले. मास्टर विनायक यांच्या चित्रपटांसाठी ते तत्पूर्वीच लिहू लागले होते. 'छाया' (१९३६) हा त्यांपैकी पहिला. याच नगरीत राजाराम महाविद्यालयात ना. सी. फडके अध्यापन करीत होते. कला कलेसाठी की जीवनासाठी, या वादात ही दोन नावे परस्परविरोधी पक्षांची प्रतीके बनली. १९४१ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद खांडेकरांना लाभले. मात्र 'क्रौंचवध'नंतर दशकाहून अधिक काळ त्यांची नवी कादंबरी आली नाही. १९५४ मध्ये 'अश्रू' आणि त्यानंतर पाच वर्षांनी 'ययाति' प्रसिद्ध झाली.

'ययाति'ची रचना येथे बारकाईने पाहिली पाहिजे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा ही तीन पात्रे आळीपाळीने प्रथमपुरुषी निवेदन करतात. एकच घटना एकीच्या दृष्टीने अपमान, तर दुसरीच्या दृष्टीने प्राक्तन ठरते. वाचकाला कोणा एकाचीच बाजू घेऊन स्वस्थ बसता येत नाही. वुल्फ यांच्या 'मेडिया'तही अनेक निवेदकांची योजना आहे, पण ती 'ययाति'नंतर सदतीस वर्षांनी. दासी झालेल्या राजकन्येने आपला एकांत, आपले प्रेम आणि आपले मातृत्व स्वमुखाने सांगावे, ही मराठी पौराणिक कादंबरीतील मोठीच घटना होती.

तथापि गौरवापाशीच थांबणे अभ्यासकास शोभणारे नाही. आदिपर्वातील मूळ आख्यान समोर ठेवून पाहिले म्हणजे एक विसंगती जाणवते. महाभारतातील शर्मिष्ठा ही युक्तिवाद करणारी स्त्री आहे. कुलाच्या रक्षणासाठी ती दास्य पत्करते. पण अशोकवनाजवळ राजा एकटा भेटताच ती धर्माचा आधार घेऊन त्याच्यापुढे आपली मागणी मांडते आणि त्याचे आक्षेप खोडून काढते. देवयानीही आपला विवाह स्वतःच ठरविते. या दोघींना तेथे प्रदीर्घ आत्मनिवेदन नाही, परंतु इच्छा आहे आणि ती उच्चारण्याचे धैर्य आहे. खांडेकरांनी त्यांना अंतरंग दिले. मात्र शर्मिष्ठेच्या वाट्याला मुख्यतः सोशिकता आणि त्याग आला, तर देवयानीच्या वाट्याला अहंकार आणि महत्त्वाकांक्षा. एकीला वाचकाची सहानुभूती आधीच बहाल झालेली आहे आणि दुसरीला ती मिळविण्यासाठी झगडावे लागते. शिवाय कादंबरीला नाव राजाचे आहे आणि कथनाचा आरंभही तोच करतो. बंगालीत मायकेल मधुसूदन दत्त यांनी याच कथेवर १८५९ मध्ये लिहिलेल्या नाटकाला शर्मिष्ठेचे नाव दिले होते, हे येथे स्मरणीय ठरते.

या मर्यादेचे कारण लेखकाच्या जीवनदृष्टीत आहे. खांडेकरांना प्रामुख्याने सतावीत होता तो भोगवादाचा प्रश्न. ययाति हा त्यांच्या लेखी अतृप्त आधुनिक मानवाचा प्रतिनिधी, कच हा संयमाचा आदर्श. या नैतिक मांडणीत दोन्ही स्त्रियांची स्थाने बरीचशी आधीच निश्चित झाली होती. तरीही प्रथमपुरुषी निवेदनाची म्हणून एक शक्ती असते. देवयानी स्वतः बोलू लागली की तिच्या दोषांमागचा घाव उघडा पडतो. कचाने नाकारल्याचे शल्य ज्याने तिच्याच तोंडून ऐकले, त्याला तिला केवळ खलनायिका मानणे जड जाते. लेखकाने न योजलेला न्याय त्याच्या रचनेने देवयानीला दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

'ययाति'ला १९६० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६८ मध्ये खांडेकरांना पद्मभूषण देण्यात आले आणि १९७४ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराच्या रूपाने तो सन्मान प्रथमच मराठीकडे आला. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली होती. २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर ही वाट विस्तारत गेली. गिरीश कर्नाड यांनी १९६१ च्या कन्नड 'ययाति' नाटकात पुरूची पत्नी चित्रलेखा निर्माण केली आणि पुत्राच्या त्यागाची किंमत त्याच्या पत्नीने का मोजावी, हा कादंबरीत न आलेला प्रश्न उभा केला. १९६७ मध्ये इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'ने गांधारी, कुंती व द्रौपदी यांच्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहिले. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातीलच आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कुंती आणि वृषाली यांना निवेदनाचा अधिकार दिला.

पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या गावातून पदव्युत्तर अभ्यासासाठी शिवाजी विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्यास खांडेकरांचे स्मृती संग्रहालय त्याच परिसरात पाहावयास मिळते. त्याने तेथे आदरपूर्वक जावे. परंतु परतल्यावर आदिपर्व आणि 'ययाति' ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. स्त्रीला निवेदनाचा अधिकार मिळणे आणि तिला स्वतःची इच्छा असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्यांतील पहिली खांडेकरांनी मराठी कादंबरीत साध्य केली. दुसरी महाभारतात होती, ती त्यांच्या हातून काहीशी निसटली. पुराणकथेच्या कोणत्याही आधुनिक पुनर्कथनाचे, मग ते ग्रीक असो वा भारतीय, मूल्यमापन करताना हा भेद निकष म्हणून वापरता येईल.