ख्वाजा महमूद गावान: शिक्का खरा, पत्र खोटं

आसनगाव स्टेशनवर उतरलं की माहुलीचे सुळके दिसतात. हा किल्ला पुढे निजामशाहीत गेला. निजामशाही उभी केली मलिक अहमदने. त्याचा बाप मलिक हसन बहरी, आणि याच हसनच्या गटाने एका खोट्या पत्राच्या जोरावर बहमनी सलतनतीच्या सर्वात मोठ्या वजिराचा जीव घेतला. तो वजीर म्हणजे ख्वाजा महमूद गावान.

ख्वाजांचा जन्म 1411 च्या सुमाराचा, इराणच्या गीलान भागातला. घराणं मोठं, पण वतन सोडून त्यांनी व्यापार धरला. चाळिशी उलटल्यावर दाभोळ बंदरात उतरून ते बिदरला आले. व्यापारी म्हणून आलेला माणूस दरबारात राहिला, लढायांवर गेला, मलिक-उत-तुज्जार झाला आणि तिसऱ्या मुहम्मद शाहच्या काळात सगळा कारभार त्यांच्या हाती आला. कोकणात खेळणा म्हणजे आजचा विशाळगड त्यांनी घेतला, 1472 मध्ये गोवा घेतला. त्याच वर्षी बिदरचा मदरसा पूर्ण झाला. तिथल्या कुतुबखान्यात तीन हजार किताबं होती असं सांगतात.

पण दुश्मन वाढले ते कारभारामुळे. राज्याचे चार मोठे सुभे होते, ख्वाजांनी त्यांचे आठ केले. सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाचे माणूस नेमले. जमीन मोजायला लावली. सरदारांचं पोट दुखणारच. त्यात दख्खनी आणि परदेशी हा जुना वाद होताच. ख्वाजा स्वतः परदेशी, तरी दोन्ही बाजूंना पदं वाटून देत होते. आमच्या मते एवढा इन्साफ त्या दरबाराला पचणारा नव्हता.

1481 मध्ये सुलतानाची छावणी आंध्रात कोंडापल्लीला होती. फेरिश्ता लिहितो की विरोधकांनी ख्वाजांचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाशी दोस्ती केली. त्याला दारू पाजली, घडी घातलेला कागद पुढे केला आणि एका दोस्ताच्या हिशेबाचा कागद आहे म्हणून सांगितलं. त्याने न उघडता शिक्का मारला. आत काहीच लिहिलेलं नव्हतं! मग त्या कोऱ्या कागदावर ओडिशाच्या राजाला चढाईचं बोलावणं देणारं पत्र लिहिलं गेलं आणि सुलतानापुढे ठेवलं गेलं.

दोस्तांनी ख्वाजांना गुजरातेत निघून जायला सांगितलं, ते गेले नाहीत. सुलतान नशेत होता. त्याने पत्र दाखवलं. ख्वाजांनी शिक्का आपला असल्याचं कबूल केलं, मजकूर आपला नाही असं शपथेवर सांगितलं. सुलतानाने चौकशीच केली नाही. 5 एप्रिल 1481 ला सत्तरी ओलांडलेल्या ख्वाजांचा शिरच्छेद झाला. पत्र कसं लिहावं यावर मनाझिर-उल-इन्शा हा ग्रंथ त्यांनी लिहिला होता, मौलाना जामींशी त्यांचा पत्रव्यवहार होता. अशा माणसाचा जीव पत्राने जावा!

आपल्या शहापूर-मुरबाडची जी मुलं कॉम्प्युटर शिकतात, त्यांच्यासाठी इथे थोडं थांबतो. शिक्का कागदावर बसतो, मजकुरावर नाही, हीच त्या दिवशीची फट होती. जीपीजी नावाचं मोफत साधन आहे, टर्मिनलवर हुकूम टाइप करून चालतं. ते किल्ल्यांची जोडी बनवतं, एक खासगी, एक जाहीर. खासगी किल्लीने केलेली सही पूर्ण मजकुरावरून हिशेब करून निघते. नंतर एक अक्षर जरी बदललं, तरी जाहीर किल्लीने पडताळताना सही खोटी ठरते. कोऱ्या कागदावर सही घेऊन मागाहून लिहिणं तिथे चालत नाही. आता ती जाहीर किल्ली त्याच माणसाची कशावरून? ओळखीचा माणूस समोर बसून किल्लीचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट नावाचे आकडे-अक्षरं, जुळवतो आणि त्या किल्लीवर आपली सही करतो. कुणाकुणाच्या सह्या आहेत ते चेक-सिग्ज या हुकुमाने दिसतं.

मात्र शिक्केवाल्या गुलामावर या साधनात इलाज नाही. खासगी किल्ली आणि तिचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती असला, तर मजकूर त्याचा आणि सही तुमची, अन् पडताळणीही बिनचूक निघेल. आपल्याकडे ट्रस्टची डिजिटल सहीची पेनड्राइव्ह अकाउंटंटच्या खणात पडून असते, हे काही गुपित नाही.

ख्वाजांच्या मागे खजिना सापडेल असं सुलतानाला वाटलं होतं. निघाली थोडीशीच नाणी. व्यापाराच्या नफ्यातून ते स्वतःचा साधा खर्च भागवत, बाकी गरिबांना देत. सुलतानाला पस्तावा झाला, मय्यत बिदरला पाठवली गेली. पुढच्याच वर्षी तोही गेला. मुरबाडहून माळशेज चढलं की जुन्नर लागतं, तिथे 1490 मध्ये मलिक अहमद स्वतंत्र झाला. बहमनींचे पाच तुकडे पडले.

मदरशात औरंगजेबाच्या काळात दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि पुढची बाजू कोसळली. एक मिनार अजून उभा आहे, निळ्या फरशांसकट.