डॉ. ड्यू बॉइस आणि मृत्यूची गणती

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ग्रेट बॅरिंग्टन ह्या लहानशा गावी 23 फेब्रुवारी 1868 रोजी विल्यम ड्यू बॉइस ह्यांचा जन्म झाला. गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तेव्हा तीन वर्षेही लोटली नव्हती. बर्लिन येथे दोन वर्षे अध्ययन करून 1895 साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्वान होत.

कृष्णवर्णीय लोक गोऱ्यांपेक्षा अधिक संख्येने मरतात, हे आकडे त्या काळी सर्वांसमोर होते. फ्रेडरिक हॉफमन ह्या विमा-व्यवसायातील संख्याशास्त्रज्ञाने 1896 साली ग्रंथ लिहून निर्णय दिला की, हा दोष वंशाचाच आहे. त्याच वर्षी ड्यू बॉइस फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात पत्नीसह बिऱ्हाड करून राहिले आणि घरोघर हिंडून सुमारे दहा हजार माणसांची माहिती त्यांनी स्वतः टिपली. भाडे जबर, गल्ल्या कोंदट. 2441 कुटुंबांपैकी स्नानगृह व शौचकूप ह्यांची सोय अवघ्या 334 कुटुंबांना! आकडे म्हटले की आमच्या वर्गातील मुले जांभया देतात. परंतु ह्या एका आकड्यापाशी ती थांबतील, असे आम्हांस वाटते.

पुढे ते अटलांटा येथे प्राध्यापक झाले. तेथे मे 1899 मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा बर्गहार्ट घटसर्पाने आजारी पडला. तो दोन वर्षांचाही नव्हता. कृष्णवर्णीयांच्या घरी जाण्यास गोरे डॉक्टर सहसा राजी नसत आणि कृष्णवर्णीय डॉक्टर त्या शहरी अगदी मोजके. घटसर्पावरील प्रतिविष बर्लिनमध्येच 1890 साली सिद्ध झाले होते. ज्या नगरीत पित्याने विद्या घेतली, तेथले औषध मुलाच्या कामी आले नाही. मूल दगावले. अंत्ययात्रा जात असता वाटेवरच्या गोऱ्यांनी हेटाळणीचा शब्द उच्चारला. जॉर्जियाच्या मातीत त्याला पुरणे आईबापांना सोसेना. त्यांनी तो इवलासा देह ग्रेट बॅरिंग्टनला नेला.

दुःखाने ते गप्प बसले नाहीत. त्यांच्या देखरेखीखाली 1906 साली कृष्णवर्णीयांच्या आरोग्यावरील स्वतंत्र अहवाल निघाला. काही शहरांतील दरिद्री गोऱ्यांचे मृत्युमान अन्य शहरांतील कृष्णवर्णीयांहून अधिक आहे, हे त्यांनी त्यात दाखविले. मग क्षय हा वंशाचा रोग कसा? तो घराचा, अन्नाचा, मजुरीचा रोग आहे, हे त्यांचे प्रतिपादन. हॉफमनला ह्याहून चोख उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य चळवळीत गेले. भारताविषयी त्यांना आस्था होती. 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांस पत्र लिहिले आणि त्यांनी सहानुभूतीने उत्तर धाडले.

पत्नी नीना 1950 साली निवर्तल्या. त्यांना ग्रेट बॅरिंग्टनच्या दफनभूमीत, बाळ होता तेथेच, ठेवण्यात आले. ड्यू बॉइस ह्यांचा देह मात्र 27 ऑगस्ट 1963 रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, घाना देशातील अक्रा शहरी विसावला.