विश्लेषण : नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात संत नामदेव कसे पोहोचले?

नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गुरू ग्रंथसाहिबचा पाठ सुरू असतो. तो शेवटपर्यंत ऐकणाऱ्याला त्यात एका मराठी शिंप्याची पदे भेटतात, एकदोन नव्हे तर ६१. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा संत नामदेवांच्या रचना त्यात होत्या. पुढे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी नांदेडमध्येच या ग्रंथाला गुरुपद दिले. मराठवाड्यातून पंजाबात गेलेले शब्द असे साडेतीनशेहून अधिक वर्षांनी ‘गुरू’ होऊन मराठवाड्यात परतले. २००८ मध्ये नांदेडने गुरुतागद्दीची त्रिशताब्दी साजरी केली. तो सोहळा अनेकांना आठवत असेल, त्यातला हा धागा मात्र फार थोड्यांना.

नामदेव कुठले?

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातले, कयाधू नदीकाठच्या नरसीचे, असे परंपरा सांगते. (नायगाव तालुक्यातली नरसी वेगळी. फाट्यावर उतरून चौकशी करणारे अधूनमधून भेटतात!) काही अभ्यासक त्यांचा जन्म पंढरपूरचा मानतात. जन्मसाल १२७०, तिथी कार्तिक शुद्ध एकादशी. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. घरचा धंदा कापडाचा आणि शिवणकामाचा. मुलाचे मन दुकानात रमेना म्हणून घरचे हैराण होते. गोणाई आणि राजाईच्या तोंडी असलेल्या अभंगांत ही तक्रार अगदी स्वच्छ ऐकू येते. घरात खाणारी तोंडे बरीच होती, त्यामुळे तक्रार खोटी नव्हती. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई याच घरात दळणकांडण करीत वाढली आणि स्वतः संतकवयित्री झाली.

‘कच्चे मडके’ ही गोष्ट काय आहे?

नामदेवांच्या भोवती जमलेली माणसे पाहिली की त्या काळातली बलुतेदारीच समोर उभी राहते. गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. यांतले गोरोबा तेरचे, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणे घेतले आणि मडकी तपासावीत तशी एकेकाच्या डोक्यावर थाप मारली. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. गोरोबांनी निकाल दिला की हे मडके कच्चे आहे. विठोबाशी आपली थेट ओळख आहे या नामदेवांच्या समजाला हा मोठाच धक्का होता. मग ते गुरू शोधत औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले.

औंढ्याचीच दुसरी कथा अधिक बोचरी आहे. हलक्या जातीचा म्हणून नामदेवांना देवळातून उठवले. ते मागच्या बाजूला जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे वळले. आज तिथला नंदी मंदिराच्या मागे आहे, तो याच कथेची खूण म्हणून दाखवला जातो. चमत्कार मानायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण उठवले जाण्याचा अपमान आणि देऊळ फिरल्याचा प्रसंग ग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या पदात आला आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या एका देवळाच्या दारात घडलेली गोष्ट पंजाबातल्या घराघरांत पोहोचली.

१३३८ मध्ये मंगळवेढ्याचा कूस कोसळून त्याखाली चोखामेळा आणि इतर मजूर गाडले गेले. चोखोबांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधण्यात नामदेवांचाच पुढाकार होता, असे परंपरा मानते. ज्याला जिवंतपणी देवळात प्रवेश नव्हता, त्याची जागा त्यांनी देवाच्या समोर केली.

पंजाबात ते ‘छीपा’ कसे झाले?

ज्ञानेश्वरांबरोबर नामदेवांनी तीर्थयात्रा केली. १२९६ मध्ये आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. त्यानंतर नामदेव उत्तरेकडे गेले आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी राहिले. सुमारे वीस वर्षे, असे सांगतात. तिथल्या रचनांची भाषा हिंदीच्या जवळची, मधूनच मराठी वळणाची.

या पदांत ते स्वतःला छीपा म्हणवतात. आपल्याकडचा शिंपी कापड शिवतो. राजस्थान-पंजाबातला छीपा कापडावर ठसे उठवतो, रंगवतो. दोन्ही समाज आज नामदेवांना आपले मानतात आणि दोघांचेही बरोबर आहे. ग्रंथसाहिबात कबीरांच्या श्लोकांमध्ये एक संवाद येतो. भक्त त्रिलोचन नामदेवांना विचारतात की तुम्ही कापड छापत काय बसलात, देवाकडे लक्ष का देत नाही? हातपाय कामात असू द्यावेत आणि चित्त देवापाशी, अशा आशयाचे उत्तर नामदेव देतात. दुकानात मन लागत नाही म्हणून घरी बोलणी खाणारा मुलगा इथे धंद्याची बाजू घेताना दिसतो. गोरोबांच्या भट्टीत मडके बरेच भाजले असावे.

नामदेवांची समाधी कुठे आहे?

दोन्हीकडे. घुमानच्या लोकांच्या श्रद्धेनुसार नामदेवांनी तिथेच देह ठेवला. तिथे त्यांचे समाधिस्थान आहे आणि दरवर्षी जानेवारीत, माघ महिन्याच्या दुसऱ्या दिवशी जत्रा भरते. एप्रिल २०१५ मध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही याच गावी झाले. वारकऱ्यांच्या मते मात्र १३५० मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांनी पंढरपूरला समाधी घेतली. विठ्ठल मंदिरात शिरताना महाद्वाराशी जी पहिली पायरी लागते, ती त्यांची. आत जाणाऱ्या संतांच्या पायांची धूळ अंगावर पडावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. आषाढीला लाखो लोक त्या दारातून आत जातात आणि त्या पायरीवर पाय न ठेवता आधी डोके टेकवतात.