उजेडाने बरे करणारा डॉक्टर
(इयत्ता चौथी)

मुलांनो, आज मी तुम्हांला डॉ. नील्स फिन्सन यांची माहिती सांगते.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फॅरो बेटांवर झाला. ही बेटे डेन्मार्क देशाच्या ताब्यात आहेत. तिथे नेहमी ढग असतात आणि हिवाळ्यात दिवस एवढासाच. आपल्याला उन्हाचा कंटाळा येतो, पण तिथल्या माणसांना ऊन म्हणजे सणच! नील्स लहान असतानाच त्यांची आई वारली. एका शाळेत तर मास्तरांना हा मुलगा ढ वाटायचा. पण पुढे कोपनहेगन शहरात शिकून १८९० साली ते डॉक्टर झाले.

शिकत असतानाच त्यांना मोठे दुखणे लागले. पोटात पाणी व्हायचे, लई थकवा यायचा. त्यांचे घर उत्तरेकडे तोंड करून होते, घरात ऊन येत नसे. उन्हात बसले की त्यांना बरे वाटे. म्हणून उजेडात काय गुण आहे, ते शोधायचे त्यांनी ठरवले.

त्या काळी त्वचेचा क्षय हा वाईट रोग होता. त्याने तोंडावर जखमा होत, नाक झडून जाई. अशी माणसे लाजेने घराबाहेर पडत नसत. फिन्सन यांनी १८९५ साली विजेच्या मोठ्या दिव्याचा उजेड रोग्याच्या जखमेवर पाडला. साध्या काचेतून हवे ते किरण नीट जात नाहीत, म्हणून त्यांनी स्फटिकाची भिंगे घेतली. कातडी भाजू नये म्हणून मध्ये गार पाणी ठेवले. रोज बराच वेळ, असे पुष्कळ महिने उपचार चालत. कितीतरी लोकांचे चेहरे बरे झाले. १८९६ साली त्यांची संस्था निघाली. १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ते चाकाच्या खुर्चीत होते, आणायलासुद्धा जाता आले नाही. बक्षिसातले पुष्कळ पैसे त्यांनी रोग्यांसाठी दिले. २४ सप्टेंबर १९०४ रोजी ते वारले. वय फक्त ४३!

त्यांच्या जन्मानंतर बरोबर १०० वर्षांनी, १९६० साली, लेसर नावाचा उजेड तयार झाला. १९६७ साली बुडापेस्टच्या डॉ. एंद्रे मेस्टर यांनी मंद लेसर उंदरांवर सोडला, तर कापलेले केस लवकर उगवले. मग जखमांवर आणि दुखण्यावर तो वापरू लागले. माझ्या आजीच्या गुडघ्याला तालुक्याला असाच लाल उजेड देतात. तो टोचत नाही, भाजत नाही. डोळ्यांत जाऊ नये म्हणून चष्मा घालतात. आजीला आता ओट्यावर चढता येते. गुरुजींनी सांगितले, सगळ्यांनाच त्याचा गुण येत नाही, व्यायामही करावा लागतो.

फिन्सन यांचे स्वतःचे दुखणे काही बरे झाले नाही, तरी त्यांनी दुसऱ्यांना बरे केले. म्हणून मला ते फार आवडतात.