सरखेल कान्होजी आंग्रे

रायगड जिल्ह्यातील पाली हे गाव समुद्रापासून दूर आहे. पण गावाजवळून वाहणारी अंबा नदी पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. खाडीतून बाहेर पडले की मोकळा समुद्र लागतो. तीनशे वर्षांपूर्वी या समुद्रावर कान्होजी आंग्रे यांची हुकमत होती.

कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजी लहानपणापासून सुवर्णदुर्ग या सागरी किल्ल्याच्या परिसरात वाढले. भरती-ओहोटी, वारा, पाण्याखालचे खडक यांची त्यांना चांगली माहिती झाली. पुढे ते मराठी आरमाराचे प्रमुख झाले व त्यांना सरखेल हा किताब मिळाला. हा शब्द फारसीतून आला आहे. त्याचा अर्थ तुकडीचा प्रमुख. छत्रपती शाहूंनीही त्यांचा हा अधिकार मान्य केला.

कोकण किनाऱ्यावरून व्यापारी जहाज न्यायचे असेल, तर कान्होजींचा परवाना घ्यावा लागे. या परवान्याला दस्तक म्हणत. इंग्रजांना हे मान्य नव्हते. तेव्हा कान्होजी त्यांची जहाजे पकडू लागले आणि इंग्रज त्यांना चाचा म्हणू लागले. मराठीत चाचा म्हणजे समुद्रावरचा लुटारू. उर्दूतल्या चाचांशी त्याचा काही संबंध नाही! परवाने तर पोर्तुगीजही देत असत आणि परवाना नसलेले जहाज जप्त करत असत. मग एकटे कान्होजीच चाचे कसे?

जादूच्या गोष्टीत राक्षस अचानक येतो आणि नाहीसा होतो. आंग्र्यांची जहाजेही तशीच येत आणि जात. पण त्यात जादू नव्हती. त्यांच्या मोठ्या जहाजाला गुराब म्हणत. हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ कावळा असा आहे. गुराबेच्या पुढच्या टोकावर तोफा असत. तिच्याबरोबर गलबते असत व ती वल्ह्यांनीही चालत. वारा पडला की इंग्रजांचे मोठे जहाज जागीच अडकून पडे. मग गलबते गुराबेला दोरांनी ओढत त्याच्या पाठीमागे नेत आणि तोफा सुरू होत. मोठे आरमार चालून आले, तर ही जहाजे उथळ खाडीत शिरत. तेथे शत्रूची जहाजे येऊ शकत नसत.

१७२१ मध्ये मोठे संकट आले. मादागास्करच्या बाजूच्या चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी इंग्लंडच्या राजाने कमोडोर मॅथ्यूज यांना युद्धनौका देऊन पाठवले होते. मुंबईला आल्यावर त्यांनी कान्होजींवरच मोहीम काढली. पोर्तुगीजही त्यांना सामील झाले. सुमारे सहा हजारांची फौज अलिबागजवळ उतरली. समोर कान्होजींचा मुख्य किल्ला होता, कुलाबा. हा किल्ला समुद्रात आहे, परंतु ओहोटीच्या वेळी तेथे चालत जाता येते.

इंग्रजांनी तटाला शिड्या लावल्या. पण किल्ल्यातील शिपायांनी त्यांना मागे रेटले. शाहू महाराजांनी मदतीसाठी फौज पाठवली होती. तिच्याबरोबर बाजीराव पेशवेही आले. पोर्तुगीजांची फळी मोडली. खुद्द मॅथ्यूज यांच्या मांडीत भाला लागला. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी तह केला. इंग्रज रिकाम्या हातांनी मुंबईला परतले. चाच्यांच्या शिकारीला निघालेले हे आरमार कुलाब्याचा एक दगडही जिंकू शकले नाही.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. अलिबागला त्यांची समाधी आहे. १९५१ मध्ये भारतीय नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला त्यांचे नाव दिले. ज्या मुंबईहून इंग्रज त्यांच्यावर चालून जात, त्याच मुंबईत आज आय.एन.एस. आंग्रे हा तळ आहे.